मोजणी

पहाटे पावणेपाचला भटारखान्यातली मोठी शेगडी भपकन पेटते आणि मला जाग येते. स्वयंपाकाच्या मावशी माझ्या आधी उठलेल्या असतात. आज पोहे आहेत. ९४ मुलं, १४ गटताई आणि गटदादा, पाळकसाहेब, नर्सताई आणि स्वयंपाकाची माणसं मिळून दहा किलो पोहे लागतात. ते किती भिजवायचे हे मात्र मावशींच्या हातालाच कळतं, तराजूला नाही. मी कांदे चिरायला बसते. मे महिन्यातही पाचगणीची पहाट अंगात शिरते. नगरला या वेळेला पंख्याखाली घाम येत असतो, इथे १,३०० मीटर उंचीवर मी शाल गुंडाळून कांदा चिरते.

मी नगर जिल्ह्यात प्राथमिक शाळेत शिकवते. बावीस वर्षं झाली, मे महिन्यातले सहा दिवस या मुलांच्या शिबिरासाठी राखून ठेवते. मुलं नेवासा, राहुरी, श्रीरामपूर, जालना, सोलापूर या बाजूची, आठ ते बारा वर्षांची. कुणाचे वडील पाळक आहेत, कुणाचे मिशन दवाखान्यात वॉर्डबॉय, बऱ्याच जणांचे आईवडील दिवाळीपासून ऊसतोडीला गेलेले आणि आता कुठे घरी परतलेले. पसरणीचा घाट यांतल्या निम्म्यांनी येताना पहिल्यांदा पाहिला आणि प्रत्येक वळणाला गाडीत प्लास्टिकच्या पिशव्या फिरल्या.

साडेपाचला आम्हा मोठ्यांची प्रार्थना असते. पाळकसाहेबांचा एक नियम आहे: मोघम प्रार्थना करायची नाही. ‘सगळ्या लेकरांना आशीर्वाद दे’ एवढ्यावर कुणाला सुटता येत नाही. प्रत्येकानं आपल्या गटातल्या मुलांची नावं घ्यायची आणि नावापुढे कालचं काहीतरी ठेवायचं. अमका रात्री जेवला नाही. तमकीच्या कानात ठणका आहे. हा दोघांशी भांडला आणि नंतर कोपऱ्यात एकटाच बसला होता. पहिल्या वर्षी मला वाटलं होतं, ही काय प्रार्थना, हा तर हजेरीपट. आता वाटतं, ज्याचं कालचं आपल्याला आठवत नाही, त्याच्यासाठी आपण मागणार तरी काय?

साडेसहाला घंटा होते. मे महिन्यात पाणी टँकरचं, म्हणून आंघोळीला एकेक बादली, तीही गळ्यापर्यंत नाही. नंतर केस. माझ्या गटात आठ मुली म्हणजे सोळा वेण्या. हे काम मी कुणाला देत नाही. समोर बसवून ‘बेटा, तुला काही सांगायचंय का’ असं विचारलं की मूल मान हलवून मोकळं होतं. पाठ करून बसलं, डोक्यातून फणी फिरू लागली, की आपोआप बोलायला लागतं. आज गटातली सर्वांत धाकटी म्हणाली, “ताई, माझी आई पुण्याला असती. चार घरची धुणीभांडी करती. मी आजीजवळ राहती.” मी म्हटलं, “मग वेणी कोण घालतं?” “आजीला दिसत नाही नीट. मीच घालती.” फणीत तीन उवा आल्या. नर्सताईंकडून औषध आणलं आणि सगळ्याच आठ जणींना लावलं, म्हणजे कुणी एकटी पडायला नको.

सव्वासातची शांत वेळ सिल्व्हर ओकच्या झाडांखाली, पायऱ्यांवर. पवित्र शास्त्रातला छोटा उतारा वाचायचा आणि दहा मिनिटं गप्प बसायचं. आठ वर्षांच्या मुलाला दहा मिनिटं फार लांब. कुणी मुंग्यांची रांग बघतं, कुणी बुटाची नाडी. मी दटावत नाही. मुंग्यांकडे बघायला शलमोनाच्या नीतिसूत्रांतही सांगितलेलंच आहे.

पोहे झाले. नऊला सगळी सभागृहात.

इथल्या संगीतावर माझं मत ठाम आहे. हल्ली शिबिरांचे तयार संच मिळतात, इंग्रजीतून उतरवलेली गाणी आणि बर्फातल्या घरांची चित्रं. मुलं त्यांवर नाचतात, नाचू द्यावं. पण आपल्याकडे नारायण वामन टिळकांची भजनं आहेत. कृष्णा रत्नाजी सांगळ्यांनी नगरला एकोणिसाव्या शतकातच ख्रिस्ती कीर्तनाची वाट पाडून दिलेली आहे. ती सोडून लेकरांना परक्या चालीवर देव शिकवायचा हे मला पटत नाही. म्हणून आमच्याकडे रोज अर्धा तास कीर्तन असतं. सोलापूरचे एक गटदादा कमरेला उपरणं बांधून उभे राहतात, पेटीवर पाळकसाहेब, टाळ मुलांच्या हातात. पहिल्या दिवशी टाळ बेताल वाजले. आज चौथ्या दिवशी सगळा हॉल एका ठेक्यात डोलतो आहे.

त्यानंतरची गोष्ट माझी. आज पाच भाकरी आणि दोन मासळ्यांची. हा चमत्कार चारही शुभवर्तमानांत आहे, पण भाकरी घेऊन आलेला मुलगा भेटतो फक्त योहानाच्या सहाव्या अध्यायात, आणि त्या भाकरी जवाच्या होत्या हेही योहानच सांगतो. मराठी पवित्र शास्त्रात तिथे ‘भाकरी’ हाच शब्द आहे. इतर ठिकाणी शिक्षकांना पाव दाखवावा लागत असेल, आम्हाला नाही. मी नगरच्या वाण्याकडून पावशेर जव आणले होते, ते ओंजळीओंजळीनं फिरवले. मुलांनी वास घेतला, दाताखाली धरले. जव तेव्हाचं गरिबाचं धान्य, गव्हापेक्षा स्वस्त. हे सांगायची गरज पडली नाही. “आमच्यात बाजरीची करतात,” “आमच्यात ज्वारीची” असं सुरू झालं आणि त्यांना सगळं समजलं.

मग प्रश्न. पाच हजार पुरुष मोजले, मग बायका आणि पोरं का नाही मोजली? मत्तयानं निदान त्या तिथे होत्या असं नोंदवलं आहे, मी म्हटलं. मुलाचं नाव काय? लिहिलेलं नाही. उरलेल्या बारा टोपल्या कुणी नेल्या? तेही लिहिलेलं नाही. आणि मग माझी धाकटी उभी राहिली. “ताई, त्याला भाकरी कुणी करून दिली होती?”

बावीस वर्षांत ही गोष्ट मी किती वेळा सांगितली असेल. हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. कुणीतरी पहाटे उठून जव दळले असतील, पीठ मळलं असेल, फडक्यात बांधून दिलं असेल. “आईनं,” मागून कुणीतरी म्हणालं. “किंवा आजीनं,” ती म्हणाली आणि बसली.

अकरा ते एक हस्तकला, खो-खो, लगोरी. एक गुडघा फुटला, एक चप्पल तुटली.

जेवायला मुद्दाम भाकरी ठेवली होती. मावशींनी आणि जवळपासच्या दोन बायांनी साडेनऊपासून थापायला घेतल्या होत्या. पिठलं, ठेचा, कांदा. पाचगणीत दोन-दोन भाकऱ्या खाणारी पोरं पाहून मावशींनी परातीतलं उरलेलं पीठही मळलं.

दोन ते साडेतीन विश्रांती. या वेळेत मुलं घरी पत्र लिहितात आणि बोलायचं असेल त्याला बोलता येतं. आमचा नियम कडक आहे: कोणत्याही मोठ्या माणसानं कोणत्याही मुलाशी बंद खोलीत एकट्यानं बोलायचं नाही. बोलणं ओसरीवर, सगळ्यांना दिसेल असं, दुसरी ताई किंवा दादा नजरेच्या टप्प्यात. काही जुन्या मंडळींना हा अविश्वास वाटतो. मला वाटत नाही. आईबापांनी फॉर्मवर सही करून लेकरू आपल्या हाती दिलेलं असतं, त्या सहीचा मान असा राखायचा.

आज जालन्याचा एक मुलगा येऊन बसला. अकरा वर्षांचा. बराच वेळ ओसरीच्या फरशीची खपली काढत राहिला. मग म्हणाला, “पप्पा दवाखान्यात होते तेव्हा मी रोज प्रार्थना केली. चर्चनं पण केली. तरी गेले. माझं काही चुकलं का?”

अशा वेळी तयार उत्तरं जिभेवर येतात. देवाची योजना असते. देवाला चांगली माणसं लवकर हवी असतात. यांतलं दुसरं तर मी मुलांसमोर कुणालाही बोलू देत नाही. मुलाचा बाप हिरावून नेणारा देव त्याच्यापुढे उभा करायचा आणि वर त्याच्यावर प्रेम कर म्हणायचं, हे कसं चालेल? मी त्याला म्हटलं, “तुझं काही चुकलं नाही. एक अक्षरही चुकलं नाही.” मग लाजराची गोष्ट काढली. मित्राच्या थडग्याशी येशू स्वतः रडला होता. आता तो त्याला उठवणार हे ठाऊक असूनही आधी रडला. मुलानं विचारलं, “मग माझ्या पप्पांना का नाही उठवलं?” मी म्हटलं, “मला माहीत नाही रे.” आम्ही बसून राहिलो. त्यानं खपली काढायचं थांबवलं. थोड्या वेळानं तो वडिलांचं सांगू लागला, ते ट्रॅक्टर कसा चालवायचे, ट्रॉलीवर काय लिहिलं होतं. चहाची घंटा होईपर्यंत सांगत होता.

साडेचारला टेबल लँड. जांभ्याचं ते मोकळं पठार म्हणजे मुलांचं सुख आणि आमच्या जिवाला घोर. कडेला जायचं नाही, घोड्यांच्या मागे उभं राहायचं नाही, जोडीदाराचा हात सोडायचा नाही. खाली कृष्णेचं खोरं दिसतं, धोम धरणाचं पाणी चमकतं. “आमचं मुळा धरण याच्याहून मोठं आहे,” राहुरीचा एकजण म्हणाला, आणि ते खरंच आहे.

दिवसातून सहा वेळा आम्ही मुलं मोजतो. निघताना ९४ होती. परतायच्या आधी मोजली तर ९३. पुन्हा मोजली. ९३. माझ्या हातापायातलं बळ गेलं. पश्चिमेकडून वळवाचे ढग चढत होते. दहा गटांनी जागच्या जागी खाली बसायचं आणि चार दादांनी चार दिशांना जायचं, हे आधी ठरलेलं असतं म्हणून बरं. सात मिनिटांनी तो सापडला, करवंदाच्या जाळीआड, ओठ जांभळे, खिसे भरलेले. सोलापूरच्या दादांनी त्याला रागावलं नाही, नुसता खांद्यावर घेतला. खाली उतरताना पहिले थेंब पडले.

शंभर मेंढरांतलं एक हरवलं, त्याच्या शोधात मेंढपाळ गेला, ही गोष्ट आपण लूकच्या पंधराव्या अध्यायातून लहानपणापासून ऐकतो. मेंढपाळाचं प्रेम, काट्याकुट्यांतली वाट, सगळं रंगवून सांगतो. पण एक कमी आहे हे त्याला मुळात कळलं ते तो मोजत होता म्हणून. संध्याकाळ झाली की तो मोजत असणार, रोज, काही हरवलेलं नसतानाही.

साडेसातला खिचडी, साडेआठला शेकोटी.

शेकोटीबद्दल मला मनापासून सांगायचं आहे. मी नऊ वर्षांची असताना एका शिबिरात वक्त्यानं पेटत्या लाकडांकडे बोट करून विचारलं होतं, यात कायमचं कुणाला पडायचंय? ज्यांना पडायचं नाही त्यांनी हात वर करून येशूला स्वीकारा. मी हात वर केला. सगळ्यांनीच केला. घरी गेल्यावर कित्येक महिने चुलीतली लाकडं पाहिली की मला दरदरून घाम फुटायचा. त्या रात्री किती निर्णय झाले याचा आकडा नंतर चर्चमध्ये वाचून दाखवला गेला. त्या आकड्यात मी होते.

म्हणून आमच्या शेकोटीपाशी हात वर करायला सांगत नाहीत. अंधार, गाणी, दमलेलं शरीर, आईची आठवण, एवढं सगळं एका लेकराच्या अंगावर असताना त्याच्याकडून जन्माचा शब्द घ्यायचा नाही. आमच्यातल्या काहींना हे पटत नाही. ते म्हणतात, पुढच्या वर्षी हे मूल येईलच याची काय खात्री, संधी का घालवायची? त्यांची कळकळ खोटी नाही. पण भीतीनं वर गेलेला हात मला ठाऊक आहे, तो माझाच होता. मुलानं उजेडात, पोट भरलेलं असताना, स्वतःहून विचारलं तर आम्ही तासभर बसतो, आणि त्याच्या घरच्यांशीही बोलतो. आज शेकोटीभोवती त्यांनी भाकरीचं नाटक केलं. टोपल्या म्हणून बादल्या होत्या.

सव्वानऊला मुलींच्या हॉलमध्ये दिवे मंद करून रोज थोडी थोडी पंडिता रमाबाईंची गोष्ट सांगते. आज त्यांच्या केडगावच्या मुक्ती मिशनचा छापखाना आला. हिब्रू आणि ग्रीक शिकून रमाबाईंनी सगळं पवित्र शास्त्र साध्या मराठीत उतरवलं, मुक्तीतल्या बायका-मुलींनी खिळे जुळवून ते छापलं. दुष्काळात उपाशी सापडलेल्या मुलींपैकी काही त्यांच्यात होत्या. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या, तोवर भाषांतराचं काम पुरं झालेलं होतं. “खिळे म्हणजे भिंतीत ठोकायचे?” असं एकीनं विचारलं. शिशाची उलटी अक्षरं कशी असतात ते मी तळहातावर काढून दाखवलं. निम्म्या तोवर झोपल्या होत्या.

दहाला मोठ्यांची बैठक. करवंदवाल्या गटाला उद्या एक ताई जास्त. जालन्याच्या मुलाच्या आईशी पाळकसाहेब बोलतील. अकराला मी आडवी झाले.

दोनच्या सुमाराला फेरी असते. अंथरूण ओलं झालेली मुलं असतात, नवी जागा, थंडी, अंधारात लांबचं संडास. अशा मुलीला हलकेच उठवायचं, कपडे बदलायचे, चादर बदलायची, ओली चादर उजाडण्याआधी धुऊन मागच्या दोरीवर टाकायची. सकाळी कुणाला काही कळता कामा नये. आज माझ्या धाकटीची पाळी होती. ती अर्धवट झोपेत माझ्या खांद्यावर डोकं टेकून उभी राहिली. उशी उचलली तर खाली रुमालात बांधलेली दुपारची अर्धी भाकरी.

“हे काय गं?”

“आईला. गाडी पुण्यावरून जाणार हाये ना.”

मी रुमाल पुन्हा होता तसा बांधला आणि तिच्या पिशवीच्या वरच्या कप्प्यात ठेवला. तिला निजवलं. टॉर्चच्या उजेडात फॉर्मच्या फाइलमधून तिच्या आईचा नंबर शोधून वहीत उतरवला. परतीची गाडी स्वारगेटला किती वाजता पोचते, ते सकाळी ड्रायव्हरला विचारायचं. मग दाराशी उभी राहून हॉलमधली डोकी मोजली. एकेचाळीस.