तळलेले बोंबील की ताजे?

रविवारी उत्तनहून ताजे बोंबील आणून घरी साफ करायचे, मसाला लावून तळायचे, की भाईंदरला तयार तळलेलेच घ्यायचे? (शाकाहारी मंडळींनी इथे उकडीचे मोदक समजावेत!) लिनक्स वापरणाऱ्यांपुढे नवं सॉफ्टवेअर घेताना नेमका हाच प्रश्न असतो.

तयार ताट म्हणजे ‘पॅकेज’. डेबियन किंवा उबुंटू लिनक्सवर ‘सुडो एप्ट इन्स्टॉल’ आणि पुढे प्रोग्रॅमचं नाव टाइप करा, अर्थात इंग्रजी अक्षरांत. एंटर मारा, झालं काम! त्या प्रोग्रॅमला आणखी चार प्रोग्रॅमांची मदत लागत असेल, तर तेही एप्ट आपणहून घेऊन येतो. नको झालं तर काढूनही तोच टाकतो.

मग ताज्या बोंबलांच्या भानगडीत पडायचंच कशाला? त्याचं असं आहे, की डेबियनची नवी स्थिर आवृत्ती साधारण दोन वर्षांनी येते. या आवृत्त्यांना ‘टॉय स्टोरी’ सिनेमातल्या पात्रांची नावं देतात बरं का! २०२३ ची ‘बुकवर्म’, २०२५ ची ‘ट्रिक्सी’. मधल्या काळात सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतात, पण नव्या सोयी सहसा नाहीत. त्या आजच हव्या असतील तर प्रोग्रॅमचा ‘सोर्स कोड’, म्हणजे माणसाने लिहिलेली मूळ कृती आणायची आणि घरीच रांधायची.

त्यासाठी अनेकदा तीन आज्ञा पुरतात. ‘कॉन्फिगर’ स्वयंपाकघरात सगळं सामान आहे का ते बघतो. ‘मेक’ त्या कृतीचं यंत्राला कळेल अशा भाषेत रूपांतर करतो. ‘मेक इन्स्टॉल’ पान वाढतो. पण गाडी हमखास पहिल्याच पायरीवर अडते. अमुक लायब्ररी नाही, तमुक नाही! घरातला कोळी मसाला संपला की आई जशी दुकानात पिटाळते, तसंच. शिवाय घरी रांधलेल्याची एप्टला खबरच नसते. पुढच्या दुरुस्त्या आणणं तुमच्याच गळ्यात.

आणि ताजं म्हणजे चांगलंच असतं का? मार्च २०२४ ची गोष्ट ऐका. आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरच्या लक्षात आलं, की संगणकात शिरायला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागतोय. अर्धा सेकंद! तुम्ही-आम्ही सोडून दिलं असतं. त्याने खणून काढलं, तर फायली लहान करणाऱ्या ‘एक्सझेड’ या प्रोग्रॅमच्या ताज्या सोर्स कोडच्या गठ्ठ्यात कुणीतरी चोरदरवाजा लपवलेला! त्यावरून बनलेली पॅकेजं डेबियनच्या चाचणीच्या आवृत्त्यांत पोचलीसुद्धा होती. जुनी एक्सझेड बाळगून बसलेली ‘बुकवर्म’ मात्र सहीसलामत राहिली.

करून बघायचंय? ग्नू प्रकल्पाचा ‘हेलो’ हा चिमुकला प्रोग्रॅम घ्या. तो जगाला नमस्कार करतो, बस्स. आधी एप्टने आणा, मग ग्नूच्या स्वतःच्या साइटवरून सोर्स घेऊन बनवा. दोन्हींचे आवृत्ती क्रमांक जुळतात का पाहा. अडलात तर पवईच्या आयआयटीच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात लिनक्सचे धडे मराठीतही आहेत. फक्त ‘सुडो’ पासवर्ड विचारतो. तो बहुधा आईबाबांकडे असेल, तेव्हा त्यांनाही शेजारी खुर्ची द्या!