दाखल्याचे देव
लेखमाला : मानणं आणि जाणणं – भाग सहावा

जव्हारमध्ये ‘दाखला’ हा शब्द मी दोन अर्थांनी ऐकला. एक कचेरीतला : जातीचा, रहिवासाचा, उत्पन्नाचा. त्यासाठी पाड्यावरून पहिली एसटी पकडायची, झेरॉक्स काढायच्या, अर्ज लावायचा आणि ‘पुढच्या सोमवारी या’ ऐकून परत फिरायचं. दुसरा दाखला देवाचा. देवाने काहीतरी करून दाखवायचं असतं आणि त्याला पुढचा सोमवार चालत नाही. आजचा भाग या दुसऱ्या दाखल्याबद्दल आहे.

गेले पाच आठवडे आपण पोथीच्या बाजूने चाललो होतो : श्रुती, स्मृती, शब्दप्रमाण, त्यावरची भाष्यं आणि भाष्यांवरची भांडणं. काही वाचकांनी कळवलं की हे सगळं ठीक आहे, पण आमच्या आजीने एकही पोथी उघडली नव्हती आणि तिचा देव आमच्यापेक्षा पक्का होता. तक्रार रास्त आहे. म्हणून आज पोथी मिटून शिरपामाळावर जाऊ.

शिरपामाळ म्हणजे जव्हार गावाबाहेरची सपाट, मोकळी जागा. १६६४च्या जानेवारीतल्या सुरतेच्या स्वारीवर जाताना शिवाजी महाराजांचा मुक्काम इथे पडला, जव्हारचे राजे विक्रमशाह सामोरे आले आणि त्यांनी महाराजांच्या शिरपेचात मानाचा तुरा खोवला; त्यावरून शिरपामाळ, असं गावात सांगतात. तिथे आता स्मारक आहे. रविवारी मुंबई-नाशिकच्या गाड्या येतात, फोटो निघतात. आडवारी मात्र वारा आणि गुरं एवढंच असतं.

अशाच एका आडवारी, दिवाळीच्या तोंडावर, तिथे दोघेजण भेटले. एक साठीच्या पुढचे, कमरेला कोयता. दुसरा त्यांचा पुतण्या, तिशीतला, मोबाईलवर रेंज शोधत उभा. गप्पा पावसावरून भातावर, भातावरून वाघबारशीवर, म्हणजे वाघदेवाच्या सणावर आल्या. मी विचारलं, “बाबा, तुमचा वाघोबावर विश्वास आहे?” प्रश्न तोंडातून निघाला तेव्हाच तो चुकीच्या पेठेत आल्याचं मला जाणवलं. म्हातारा जरा गप्प राहिला. मग म्हणाला, “बोकड नेला ना त्याने.”

मग सगळी हकिगत निघाली. त्या वर्षी वीटभट्टीच्या मुकादमाकडून उचल घेतली होती. दर साली दिवाळी करून माणसं निघतात, पण मुकादमाने घाई केली आणि बिऱ्हाड वाघबारशीच्या आधीच भिवंडीकडे हललं. वाघोबाचं करायचं राहिलं. घरी म्हातारी आई आणि एक बोकड. महिन्याभरात बोकड गेला, नाल्याकडेला नुसतं दावं सापडलं.

“दावं घरातच होतं, काका,” पुतण्या मोबाईलमधून डोकं न काढता म्हणाला. “बोकड मोकळाच असायचा.”

“मोकळा तर चार वर्षं होता,” म्हातारा म्हणाला.

हे उत्तर मी तेव्हापासून मनात घोळवतो आहे. पुतण्याचा आक्षेप चोख होता : बिबट्याला मोकळा बोकड दिसला, त्याने नेला. (या भागात लोक बिबट्यालाही वाघच म्हणतात.) म्हाताऱ्याने तो आक्षेप उडवून लावला नाही, मान्य करून पुढे नेला. चार वर्षं जे झालं नाही ते त्याच वर्षी का झालं, एवढंच त्याचं म्हणणं. तर्कशास्त्राचा मास्तर याला काकतालीय न्याय म्हणेल : कावळा बसायला आणि फांदी मोडायला. पण मास्तरालाही कबूल करावं लागेल की हा माणूस पुराव्यानिशी बोलतो आहे, आणि पुरावा कुठल्या ग्रंथातला नाही, स्वतःच्या अंगणातला आहे.

आणखी एक बारीक गोष्ट. म्हातारा ‘वाघोबाला मानलं नाही’ असं एकदाही म्हणाला नाही. ‘वाघोबाचं केलं नाही’ असं म्हणाला. आपल्या प्रश्नातलं क्रियापद ‘मानणं’, त्याच्या उत्तरातलं ‘करणं’. मानणं डोक्यात घडतं आणि त्याला साक्षीदार नसतो. करणं गावाच्या डोळ्यांदेखत होतं : शेंदूर, नारळ, कोंबडा, गुराख्यांची पंगत. केलं की नाही, ते शेजाऱ्याला माहीत असतं.

वाघोबाची जी कथा या पट्ट्यात निरनिराळ्या रूपांत ऐकू येते ती अशी : एका कुमारिकेला मूल झालं. ते मूल वाघाचं रूप घ्यायचं, गुरं मारायचं. लोक चिडले तेव्हा आईने त्याला रानात जायला सांगितलं, आणि तडजोड ठरली की वर्षातून एकदा गावाने त्याला मान द्यायचा आणि त्याने गावाकडे मेहेरनजर ठेवायची. या कथेत सृष्टीची उत्पत्ती नाही, मोक्ष नाही. आहे तो चक्क करार. वन्यजीव अभ्यासकांच्या एका गटाने २०२१ साली वारली आणि वाघोबा यांच्या नात्यावर शोधनिबंध प्रसिद्ध केला. मुंबई उपनगर, पालघर आणि ठाणे या जिल्ह्यांत त्यांनी वाघोबाच्या सुमारे दीडशे ठिकाणांची नोंद केली. त्यातली बरीच उघड्यावर : एक लाकडी फळी किंवा दगड, त्यावर कोरलेला वाघ, वर चंद्र-सूर्य. करारावर साक्षीदार हवेत ना. चंद्र-सूर्यापेक्षा टिकाऊ साक्षीदार कोण आणायचे?

वाघोबा रानाच्या बाजूचा. पावसाचा नारनदेव, धान्याची कणसरी, गावाच्या वेशीचा गावदेव, घरातला हिरवा. लग्नात पालघट. प्रत्येकाचं खातं वेगळं आणि प्रत्येकाची गाठ कुठे पडते तेही ठरलेलं. कणसरी खळ्यात भेटते; सांडलेल्या दाण्यावर पाय पडला तर ती रुसते. पावसाळ्यातली पहिली कोवळी रानभाजी देवाला दाखवल्याशिवाय तोंडात घालायची नाही, नवा भातही तसाच. पालघटेचा चौक सवाशिणी तांदळाच्या पिठाने भिंतीवर रेखतात, पण रेखला म्हणजे ती आली असं नाही. लग्न लावणाऱ्या धवलेरीने गाऊन तिला बोलवावी लागते. आपण दिवाणखान्यात वारली चित्राची फ्रेम लावतो तेव्हा ते गाणं मागेच राहिलेलं असतं, हे जाता जाता.

आपल्या दर्शनांच्या भाषेत याला काय म्हणावं? चार्वाक म्हणाला, प्रत्यक्ष हेच प्रमाण, म्हणून देव नाही. शिरपामाळावरचा म्हातारा म्हणतो, प्रत्यक्ष हेच प्रमाण, म्हणून देव आहे. दोघांनीही वेदाला हात लावलेला नाही. चार्वाकाला हा माणूस भेटला असता तर त्यांचं भांडण मोठं रंगलं असतं, आणि मला वाटतं मीमांसकाशी झालेल्या भांडणापेक्षा ते जास्त जिव्हाळ्याचं झालं असतं.

पोथीवाचून देव जाणण्याची वाट पश्चिमेतही लोकांनी मोजून पाहिली. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी एडिंबरोत व्याख्यानं दिली, त्यांचं ‘द व्हरायटीज ऑफ रिलिजस एक्स्पीरियन्स’ हे पुस्तक १९०२ साली आलं. चर्च आणि धर्मशास्त्र ही दुय्यम, मूळ झरा माणसाच्या अनुभवाचा, अशी त्यांची मांडणी. पण जेम्सनी आपल्या व्याख्यानांपुरती धर्माची जी व्याख्या केली तिच्यात माणूस एकटा आहे, एकांतात आहे. आपल्याकडे गुरुदेव रा. द. रानडे यांनी १९३३ साली महाराष्ट्रातल्या संतांच्या साक्षात्कारावर इंग्रजीत मोठा ग्रंथ लिहिला. त्यांचाही भर संताच्या आतल्या अनुभवावरच. आणि संतांकडे असे अनुभव भरपूर आहेत. तुकोबांना गुरूपदेश स्वप्नात झाला. बहिणाबाईंना तो स्वप्नातच तुकोबांकडून झाला. घरात वेदपाठी नवरा, आणि बायकोला गुरू भेटतो तो स्वप्नात, तोही शूद्र! नवऱ्याचा किती संताप झाला ते बहिणाबाईंनीच आत्मचरित्रपर अभंगांत सांगून ठेवलं आहे. गंमत अशी की पोथीला बगल देऊन आलेला हा अनुभव आज आपल्यापर्यंत पोहोचतो तो पोथीतूनच.

जव्हार-मोखाड्यातला अनुभव या दोन्ही चौकटींत नीट बसत नाही, कारण तो एकांतातला नाही. बोहाडा पाहिला तर हे लगेच उमगतं. फाल्गुनापासून वैशाखापर्यंत गावोगाव बोहाडे भरतात. मोखाड्याचा विशेष नावाजलेला. रात्रभर संबळ आणि सनईच्या तालावर एकेक सोंग येतं. मुखवटे पूर्वी लाकडाचे, आता बरेचसे कागदाच्या लगद्याचे. कुठलं सोंग कोणी काढायचं याचा मान घराण्याने ठरलेला. मशालीच्या उजेडात सोंग थोडं पुढे येतं, थोडं मागे जातं, पुन्हा पुढे. दोनशे पावलांच्या वाटेला तास लागतो. पहाटे जगदंबा आणि महिषासुराचं युद्ध. पुराणातली नावं आली म्हणजे शास्त्र आलंच की, असं कोणी म्हणेल. नावं आली खरी. पण मुखवट्याखालच्या माणसाने देवीमाहात्म्य वाचलेलं नसतं, आणि समोर कडेवर पोर घेऊन ओवाळणाऱ्या बाईलाही त्याची गरज नसते. तिच्यापुरती जगदंबा आत्ता, या वाटेवरून, घामेजलेल्या पायांनी चालत आलेली आहे. सकाळी तो माणूस मुखवटा उतरवून टपरीवर चहा पितो तेव्हा ती त्याला नावानेच हाक मारते. दोन्ही खरं.

म्हणून ‘शास्त्र की अनुभव’ हा आपल्या मालिकेतला वाद मला इथे थोडा बदलून मांडावासा वाटतो. अनुभव कोरा येत नाही. म्हाताऱ्याला बोकडाच्या जाण्यात वाघोबा दिसला, कारण लहानपणी गुरांमागे फिरताना त्याने ती कराराची कथा ऐकली होती, भगताने घांगळी वाद्यावर कणसरीची कथा लावली तेव्हा तो रात्रभर मांडी घालून बसला होता. कथा आधी, बोकड नंतर. पोथी नसली तरी शिकवण आहेच. फरक एवढा की ही शिकवण कोणी बंद करून ठेवलेली नाही. पुतण्याला मध्येच ‘बोकड मोकळा होता’ म्हणता येतं आणि म्हाताऱ्याला त्याचं उत्तर द्यावं लागतं. पोथीतल्या ओळीशी अशी हुज्जत घालायला आधी संस्कृत यावं लागायचं.

जव्हारच्या राज्याची कथासुद्धा याच जातीची आहे. संस्थापक जयबा मुकणे पिंपरीच्या देवस्थानी गेले असता पाच कोळी भिक्षेकऱ्यांनी त्यांना जव्हारचा राजा म्हणून मुजरा केला, अशी हकिगत इंग्रजी गॅझेटियरमध्येही नोंदली आहे. दिल्लीच्या सुलतानाची मान्यता आली ती पुढे, १३४३ साली. आधी अनुभव, मग कागद.

आता या अनुभवाची काळी बाजू, आणि ती टाळून पुढे गेलो तर हा भाग लिहिण्यात अर्थ नाही. सर्पदंश. चावलेल्या माणसाला भगताकडे नेलं, मंत्र टाकला, माणूस उठून बसला, हा ‘दाखला’ इथे प्रत्येक पाड्यावर आहे आणि सांगणारा खोटं बोलत नाही. पण आपल्याकडच्या सापांच्या बहुतेक जाती बिनविषारी. नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे चार मुख्य मारक. त्यांच्याही प्रत्येक दंशात विष उतरतंच असं नाही. म्हणजे भगताच्या पुढ्यातले कितीतरी जण मंत्राविनाही वाचणारच होते. जे वाचले ते गावभर सांगत फिरले. जे गेले त्यांचा दाखला कोण देणार? त्यांच्या घरचे म्हणतात, उशीर झाला. अनुभव इथे फसवतो तो खोटा असतो म्हणून नाही. अर्ध्यांचाच असतो म्हणून. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर २०१३ साली महाराष्ट्रात जो जादूटोणाविरोधी कायदा झाला, त्यात साप, विंचू, कुत्रं चावल्यावर वैद्यकीय उपचार घेण्यापासून रोखून मंत्रतंत्र करणं हा गुन्हा ठरला, तो याच कारणाने.

हे मी त्या दोघांना सांगितलं. पुतण्या म्हणाला, आता एकशे आठला फोन लावतात. म्हातारा म्हणाला, “फोन लावतात. गाडी येईपर्यंत काय करायचं?” आम्ही उभे होतो तिथे पुतण्याला अजून रेंज मिळालेली नव्हती.

उतरताना त्यांचा पाडा वाटेत लागला. कुडाच्या भिंतीचं घर, आत अंधार, कोपऱ्यात वर टांगलेली मोरपिसांची जुडी. तोच हिरवा. शिरपामाळावर तुऱ्याची गोष्ट ऐकून आलेल्या माझ्यासारख्याला ती पिसं जरा जास्तच दिसली, हे खरं. मी विचारलं, तुम्ही भट्टीवर जाता तेव्हा याला बरोबर नेता का?

म्हातारा हसला. भट्टीवर झोपडी कसली असते ते तुम्ही पाहिलेलं नाही, म्हणाला. देव इथेच राहतो. घराला कुलूप, चावी शेजारच्या म्हातारीकडे. ती आठवड्याला येऊन दिवा लावते, उंदीर लागले का बघते. मागच्या साली पिसांना वाळवी धरली होती. परत आल्यावर म्हातारीने आधी तेच सांगितलं, मग पाण्याचा तांब्या पुढे केला.

(पुढील भागात : नवस)