नानकटाई : नाव चीनचे, भट्टी सुरतेची

“डॉक्टर, जड काहीच दिले नाही, नुसता चहा आणि दोन नानकटाया,” असे रुग्णाचे नातेवाईक मोठ्या समाधानाने सांगतात. या समजुतीचा शोध घेऊ लागलो, तर तो एकीकडे चीनपर्यंत आणि दुसरीकडे आपल्याच सुरतेच्या भट्टीपर्यंत जाऊन पोहोचतो.

फारसीत ‘नान’ म्हणजे रोटी. उत्तर चीनला मध्य आशियात ‘खता’ म्हणत. त्यावरून नानखताई म्हणजे चिनी रोटी, अशी एक व्युत्पत्ती सांगतात. चीनमध्ये ‘ताओसू’ नावाचे भेगाळलेले, खुसखुशीत बिस्किट आजही मिळते. पीठ, साखर, स्निग्धांश आणि सोडा हे त्याचे जिन्नस. पारंपरिक कृतीत डुकराची चरबी, तर आपल्याकडे तूप किंवा वनस्पती तूप. पिठाच्या कणांवर चरबीचे आवरण बसले, की त्यातील प्रथिनांचे चिवट धागे जुळत नाहीत. म्हणून दोन्ही पदार्थ तोंडात विरघळतात. चिनी पक्वान्नांत शरद पौर्णिमेचा ‘चंद्रकेक’ही प्रसिद्ध आहे. कमळबियांचे गोड सारण भरून तो भाजतात. 2025 साली त्यांचा तो सण आणि आपली कोजागिरी 6 ऑक्टोबरलाच आली होती.

सुरतेची कथा डचांपासून सुरू होते. व्यापारासाठी आलेल्या डचांच्या पावभट्टीचा वारसा दोटीवाला या पारशी घराण्याकडे आला, असे सांगतात. ताडीने आंबवलेला पाव शिळा झाला, की वाळून हलका होई. असा पाव पचायला सोपा म्हणून वैद्य-डॉक्टर तो रुग्णांना सुचवू लागले आणि त्यातून सुरती बटर, बिस्किटे रूढ झाली, अशी आख्यायिका आहे. नानकटाईही याच भट्ट्यांची ओळख बनली.

खानदेशातून गोडादऱ्यात स्थिरावलेल्या ज्येष्ठांना वेगळी नानकटाई आठवेल. घरचे तूप, रवा, पिठीसाखर घेऊन बेकरीत जायचे, आपली पाळी येईपर्यंत थांबायचे आणि पत्र्याचा डबा भरून परतायचे. तो डबा सणासुदीसाठी असे, रोजच्या न्याहारीसाठी नव्हे.

इथेच आपली, म्हणजे डॉक्टरांची, जबाबदारी येते. आंबवून वाळवलेला साधा पाव एकेकाळी पथ्य ठरला. पण त्याचा मान मैदा, साखर आणि तुपाच्या नानकटाईला परस्पर मिळाला. अन्नपदार्थांतील तेल-तुपात ट्रान्स फॅट 2 टक्क्यांहून अधिक नसावे, असा नियम देशात जानेवारी 2022 पासून आहे. तरीही साखर आणि उष्मांक तेवढेच राहतात. मधुमेही रुग्णाला ‘गोड बंद’ म्हटले, तर तो पेढा सोडतो. नानकटाई त्याच्या लेखी बिस्किटात मोडते. म्हणून पथ्य लिहून देताना तिचे नाव स्पष्ट घ्यावे.

दिवाळीच्या ताटात मात्र तिची जागा कायम राहो. नाव चीनचे असले तरी चव आता आपली आहे.