नवा डेटाबेस निर्माण होत नाहीं तेव्हां

लिनक्स सर्व्हरवर नवा डेटाबेस निर्माण करण्याची आज्ञा एका ओळीची असते. परंतु ती नाकारली गेली म्हणजे पुष्कळांची मति गुंग होते आणि घाईनें भलताच उपाय केला जातो. जुन्या वाड्यांत कोठीपर्यंत पोंचण्यास दिंडी, देवडी आणि कोठीची किल्ली हे टप्पे ओलांडावे लागत. येथेंही तसेंच आहे. नकाराचें वाक्य नीट वाचलें असतां विनंती कोणत्या टप्प्यावर अडली तें कळतें. अमेरिकेंत बर्कली येथें १९८६ सालीं मायकेल स्टोनब्रेकर यांच्या मार्गदर्शनाखालीं आरंभलेल्या व १९९६ पासून पोस्टग्रेसएसक्यूएल हें नांव धारण करणाऱ्या प्रणालीवरून हें स्पष्ट होईल.

‘सर्व्हरशीं जोडणी झाली नाहीं’ असें उत्तर आल्यास दिंडीच बंद आहे असें समजावें. सर्व्हर चालू आहे कीं नाहीं हें प्रथम पाहावें. बंद असल्यास कारण त्याच्या लॉगमध्यें सांपडतें. त्याचा नेहमींचा पोर्ट ५४३२ हा होय. उबंटूवर दोन आवृत्त्या एकत्र नांदत असल्यास दुसरी बहुधा ५४३३ वर असते.

‘असा रोल नाहीं’ किंवा ‘पीअर ऑथेंटिकेशन फेल्ड’ हें देवडीवरचें उत्तर. लिनक्सचा वापरकर्ता आणि डेटाबेसमधील रोल या दोन भिन्न नोंदी आहेत. पीअर पद्धतींत त्यांचीं नांवें जुळावीं लागतात. येथें कित्येक जण नियमांच्या फाइलींत ‘ट्रस्ट’ हा शब्द लिहून मोकळे होतात. त्यानें पासवर्डाची विचारणाच थांबते, म्हणजे पहारेकरीच घरीं पाठविल्यासारखें होतें. योग्य मार्ग असा कीं, सुडोच्या द्वारें ‘पोस्टग्रेस’ या वापरकर्त्याच्या नांवानें आंत जाऊन हवा तो रोल निर्माण करावा.

‘परवानगी नाहीं’ म्हणजे किल्ली नाहीं. त्या रोलला केवळ ‘क्रिएटडीबी’ हा अधिकार पुरतो. सुपरयूजर करण्याचें प्रयोजन नाहीं.

पुढील अडचणी कोठींतल्या. नवा डेटाबेस ‘टेम्प्लेट१’ या सांच्याची नक्कल करून घडतो. त्या सांच्याशीं दुसरें कोणी जोडलेलें असल्यास, किंवा त्याची लिपि-संकेतपद्धति मागितलेल्या पद्धतीशीं विसंगत असल्यास, नक्कल होत नाहीं. संकेतपद्धति वेगळी हवी असेल तेव्हां ‘टेम्प्लेट०’ हा सांचा सांगावा.

खरा धोका दोन ठिकाणीं आहे. ‘हें नांव आधींच आहे’ असें कळतांच जुना डेटाबेस पुसून टाकण्याचा मोह होतो. पण ‘ड्रॉप’ची आज्ञा परत घेतां येत नाहीं. अवतरणचिन्हांवांचून लिहिलेलीं मोठीं रोमन अक्षरें लहान धरलीं जातात, म्हणून नवें वाटणारें नांव जुनेंच निघूं शकतें. दुसरा धोका ‘डिस्कवर जागा नाहीं’ या उत्तराचा. तेव्हां कांहीं जण पीजी-एक्सलॉग नांवाचें फोल्डर टाकाऊ नोंदींचें समजून रिकामें करीत आणि सबंध माहितीस मुकत. हा घोटाळा टळावा म्हणून २०१७ सालच्या १० व्या आवृत्तींत त्याचें नांव पीजी-वाल असें बदललें. जागा करावयाची तर ती अन्यत्र करावी.

सारांश, नकार आला म्हणून कांहीं बिघडत नाहीं. तो न वाचतां केलेल्या उपायानें मात्र वर्षानुवर्षांची माहिती क्षणांत जाते.