हमी हवी, नुसता वेग नव्हे

विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली, तेव्हा ती घरात आली टेलिफोनच्या तारेवरून. मोडेमने नंबर फिरवावा, जोडणी लागेपर्यंत वाट पाहावी आणि तेवढा वेळ घरचा टेलिफोन अडकून पडावा, अशी ती रीत होती. पुढेही डायल-अपचा वेग सेकंदाला ५६ किलोबिटांपलीकडे गेला नाही.

आज घरीच कचेरी थाटलेला गृहस्थ लीज्ड लाईनची चौकशी करतो, तेव्हा तो केवळ वेग मागत नसतो. लीज्ड लाईन ही त्याच्यापुरती राखून ठेवलेली वाट असते. ती अहोरात्र खुली असते. माहिती आणण्याचा व पाठविण्याचा वेग सारखाच राहतो आणि बिघाड किती वेळात दूर होईल, हेही करारात नमूद असते. साध्या ब्रॉडबँडची वाट अनेकांत वाटलेली. तिथे जाहिरातीतला वेग 'इतक्यापर्यंत' एवढाच! खरा फरक हमीचा आहे आणि हमी महाग आहे.

सरकारी व्याख्येनुसार ब्रॉडबँडचा किमान वेग २००४ साली २५६ किलोबिट होता. २०२३ साली तो २ मेगाबिट झाला. परंतु २०२० साली शाळा बंद पडल्या, तेव्हा सत्तरी-सांग्याकडील मुलांना 'रेंज'साठी डोंगर चढावे लागले, हे विसरता येत नाही. किमान वेग आणि वेळेत दुरुस्ती यांची लेखी हमी साध्या जोडणीलाही मिळालीच पाहिजे. नळ दारी आणि घागर रिकामी, ही स्थिती गोमंतकीयांनी का सोसावी?