कागद टपालाने येतो, साक्ष येत नाही

१८५४ साली हिंदुस्थानात अर्ध्या आण्याचे टपाल सुरू झाले आणि पाव तोळा वजनाचे पत्र पुण्याहून कलकत्त्यास जावो वा शेजारच्या तालुक्यास, आकार एकच पडू लागला. व्यवहारातून अंतरच हद्दपार झाले, असे वाटावे असा हा बदल होता. परंतु एक दस्तऐवज या सोयीपुढे अडून बसला. तो म्हणजे गहाणखत. त्याचा हा हट्ट केवळ कायद्याचा कर्मठपणा होता काय, हा प्रश्न मोबाइलवर कर्ज मंजूर होण्याच्या आजच्या काळात पुन्हा विचारण्याजोगा झाला आहे.

१८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याने शंभर रुपये वा त्याहून अधिक रकमेच्या गहाणास नोंदणी, खत करून देणाऱ्याची सही आणि किमान दोन साक्षीदार आवश्यक ठरविले. मात्र साक्ष म्हणजे नेमके काय, याची व्याख्या त्यात नव्हती. सही एके ठिकाणी झाली आणि साक्षी नंतर दुसरीकडे पडल्या, तर ते खत टिकावे काय? मद्रास इलाख्यातून गेलेल्या एका अपिलात १९१२ साली प्रिव्ही कौन्सिलने निर्णय दिला, की साक्षीदाराने सही होताना प्रत्यक्ष पाहिलेली असली पाहिजे. या काटेकोर अर्थामुळे अनेक प्रामाणिक व्यवहारही संकटात येण्यासारखे होते. म्हणून १९२६ साली कायद्यात व्याख्या घालण्यात आली. सही होताना पाहिली नसली, तरी करून देणाऱ्याने ‘ही सही माझीच’ अशी स्वतः कबुली साक्षीदारास दिली असली, तर ती साक्ष ग्राह्य ठरली. अट एकच होती: साक्षीदाराने आपली सही त्याच्या समक्ष केली पाहिजे. म्हणजे सही केलेला कागद टपालाने येऊ शकत होता. साक्ष मात्र टपालाने येऊ शकत नव्हती. नोंदणीच्या कायद्यानेही दूरदेशी असलेल्यास मुखत्यारपत्राची वाट ठेवली, परंतु ते पत्र तेथील नोटरी, न्यायाधीश किंवा वकिलातीचा अधिकारी यांच्यासमोर झालेले असावे, असे बंधन घातले. कागदाच्या प्रवासास आडकाठी नव्हती. माणसाच्या गैरहजेरीस होती.

या कठोरतेला एक अपवाद होता आणि तो उद्बोधक आहे. मुंबई, कलकत्ता, मद्रास यांसारख्या शहरांत व्यापाऱ्याने मालकीचे कागद सावकाराच्या वा पेढीच्या स्वाधीन केले, की तेवढ्याने गहाण सिद्ध होई. साक्षीदार नकोत, नोंदणी नको. स्वतःचे हिशेब वाचू शकणाऱ्या, वकील दाराशी असणाऱ्या ऋणकोस ही सवलत परवडणारी होती. खेड्यातील कुळाचे तसे नव्हते.

दख्खनच्या शेतकऱ्याची सही म्हणजे बहुधा नांगराची निशाणी. मजकूर दुसऱ्याने लिहावयाचा, रक्कम दुसऱ्याने मांडावयाची आणि नांगर तेवढा याचा. १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे येथे दंगा झाला आणि त्याचे लोण पुणे व नगर जिल्ह्यांत पसरले. तेव्हा जमावाचा मुख्य रोख सावकारांच्या जिवावर नव्हता, त्यांच्या दप्तरावर होता. कर्जरोखे हिसकावून जाळण्यात आले. ज्या कागदावर आपली निशाणी आहे, त्यात काय लिहिले आहे हे ज्याला ठाऊक नाही, त्याला तो कागद जाळण्यावाचून दुसरा उपाय सुचला नाही.

सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांसाठी त्यात ग्रामनिबंधकाची तरतूद होती. शेतकऱ्याचा रोखा या निबंधकाच्या देखरेखीखाली लिहिला जावा, मोठ्याने वाचून दाखविला जावा आणि सही त्याच्यासमोर व्हावी, असा नियम झाला. पावती, वार्षिक हिशेब आणि पासबुक मागण्याचा हक्कही ऋणकोस मिळाला. सावकारांनी गहाणाऐवजी खरेदीखते लिहून घेण्याची पळवाट काढली, हे खरे. तथापि कायद्यामागील तत्त्व त्यामुळे खोटे ठरत नाही. ऋणकोस कळले आहे की नाही हे पाहणारा तिसरा माणूस तेथे हजर असावा, हे ते तत्त्व होय.

आज निशाणीची जागा मोबाइलवर येणाऱ्या सहा आकडी संकेतांकाने घेतली आहे. तो आकडा दाबणारा साक्षर असतो, पण बारीक टाइपातील वीस पाने वाचणारा विरळाच. रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये अशा कर्जांसाठी मुख्य तथ्यांचे स्वतंत्र पत्रक देणे आणि ठरावीक मुदतीत कर्ज परत करून मोकळे होण्याची मुभा ठेवणे बंधनकारक केले. ग्रामनिबंधकाच्या मोठ्या आवाजातील वाचनाचेच हे नवे रूप म्हणावे लागेल. मात्र पत्रक स्वतः बोलत नाही. ते कर्जदाराच्या भाषेत आहे काय आणि त्याला ते उमगले काय, हे विचारणारा कोणी असल्याखेरीज संकेतांक हा फक्त नव्या धाटणीचा नांगर ठरेल. अंतर मिटविण्याची सोय जरूर असावी. तिची किंमत अजाण ऋणकोने मोजता कामा नये.