पास की तिकीट?

धुळे-चाळीसगाव रेल्वेमार्ग १९०० साली सुरू झाला. या मार्गावर किंवा जळगाव-भुसावळ दरम्यान नेहमी ये-जा करणाऱ्यांपुढे एक प्रश्न असतो : पास काढावा की रोज तिकीट? साध्या भागाकाराने पाहू.

सोयीसाठी एका वेळचे तिकीट २० रुपये व मासिक पास ३६० रुपये धरा. जाऊन-येऊन दिवसाला ४० रुपये लागतात. ३६० ÷ ४० = ९. म्हणजे महिन्यात ९ दिवस प्रवास केला, तर खर्च सारखाच. दहाव्या दिवसापासून पास फायद्याचा.

तिमाही पासला मासिक पासच्या २.७ पट, सहामाहीला ५.४ पट व वार्षिक पासला १०.८ पट पैसे पडतात. या संख्यांना अनुक्रमे ३, ६ व १२ ने भागा. उत्तर प्रत्येक वेळी ०.९! सूट सर्वत्र १० टक्केच. मुदत वाढली म्हणून ती वाढत नाही. पैसे मात्र आधी अडकतात.

आता दिवाळीची सुट्टी लक्षात घ्या. तिमाही पास ९७२ रुपयांचा, तर दोन मासिक पास ७२० रुपयांचे. फरक २५२. सुट्टीच्या महिन्यात ६ दिवसच जायचे असेल, तर तिकिटांना २४० रुपये लागतील. तिमाही पास तोट्याचा. ७ दिवस जायचे असेल, तर २८० लागतील. तिमाही पास फायद्याचा.

विद्यार्थ्यांना पासात सवलत असते. आपल्या मार्गाचे खरे दर घेऊन हे गणित वहीत करा, आणि मगच वडिलांकडे पैसे मागा.